चार्टमधले रंग आपोआप बदलायलेत? रंग नंबराला नाही, नावाला बांधा

प्रॉब्लेम आधी सांगतो, कारण हाच प्रॉब्लेम घेऊन दर दोन-चार महिन्याला कुणीतरी माझ्याकडं येतं आणि मी स्वतः यात लई दिवस अडकलो होतो. चार्ट कोडनं बनवताय, त्यात सात-आठ-दहा सिरीज (म्हणजे एकेका नावाची वेगळी रेघ) आहेत, तुम्ही रंगांची एक लिस्ट करून दिली, पहिल्या दिवशी सगळं बरोबर. मग एक दिवस डेटा थोडासा बदलतो आणि सगळे रंग एक-एक घर पुढं सरकतात. एरर नाही, वॉर्निंग नाही, चार्ट दिसायला एकदम छान. फक्त चुकीचा.

माझं काम असं आहे की पावसाळ्यात रोज सकाळी मी मराठवाड्यातल्या मोठ्या धरणांच्या पाणीसाठ्याचा मागच्या तीस दिवसांचा लाईन चार्ट बनवून आमच्या शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो. आकडे रोजच्या सरकारी पत्रकातून घेतो, पायथनमध्ये पांडासनं टेबल बनवतो आणि चार्ट तेव्हा मॅटप्लॉटलिबनं काढायचो. मोठे प्रकल्प अकरा: जायकवाडी, निम्न दुधना, येलदरी, सिद्धेश्वर, माजलगाव, मांजरा, पैनगंगा (म्हणजे आपलं इसापूर), निम्न मनार, निम्न तेरणा, विष्णुपुरी आणि सिना कोळेगाव. हा अकरा आकडा ध्यानात ठेवा, पुढं कामाला येणारय.

आता झालं काय. माझे मामा कळंबकडचे, मांजरा नदीच्या काठाला शेत. त्या भागात मांजरा धरण म्हणजे नुसता आकडा नाही, २०१६ ला हे धरण कोरडं पडलं तेव्हा एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, ते कुणी विसरलेलं नाही. मामा रोज चार्ट बघायचे आणि माझ्या चार्टमध्ये मांजराची रेघ तपकिरी आहे हे त्यांना पाठ झालं होतं. एका सकाळी त्यांचा फोन, "अरे, मांजरा एका रात्रीत एवढं कसं काय वाढलं? ऊस लावायचं बघू का?" मी म्हणलं काहीतरी गडबड आहे, थांबा. उघडून बघितलं तर तपकिरी रेघ माजलगावची होती. मांजरा जांभळं झालं होतं. खाली कोपऱ्यात लेजंडमध्ये, म्हणजे कुठला रंग कुणाचा त्या यादीत, नाव बरोबर लिहिलेलं होतं, पण रोज बघणारा माणूस मोबाईलवर लेजंड कशाला वाचंल, त्यानं रंग ओळखलेला असतो. मामांनी विचारलं म्हणून कळलं, ग्रुपवर बाकी सव्वादोनशे जण आहेत त्यातल्या कितींनी काय समजून घेतलं मला माहीत नाही, आणि तेच मला सगळ्यात जास्त लागलं.

कारण शोधलं तर दोन गोष्टी एकात एक अडकल्या होत्या.

पहिली. पांडासमध्ये उभ्या टेबलाचं पिव्हट केलं (म्हणजे प्रत्येक धरणाचा वेगळा कॉलम केला) की ते कॉलम नावाप्रमाणं सॉर्ट करून देतं. तुम्ही फाईलमध्ये कुठल्या क्रमानं लिहिलंय त्याला काही किंमत नाही. ग्रुप-बायचं पण तसंच, सॉर्ट करू नको असं सांगितलं नाही तर ते सॉर्ट करतंच. देवनागरी नावं युनिकोडच्या, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या अक्षरांच्या ठरलेल्या नंबरांच्या, क्रमानं लागतात, म्हणजे माझ्याकडं क्रम असा झाला होता: जायकवाडी, निम्न तेरणा, निम्न दुधना, निम्न मनार, पैनगंगा, मांजरा, माजलगाव, येलदरी, विष्णुपुरी, सिद्धेश्वर, सिना कोळेगाव. (मांजरा माजलगावच्या आधी येतं कारण युनिकोडमध्ये अनुस्वाराचा नंबर ज च्या आधी आहे.) मी रंग सांगितलेच नव्हते तेव्हा मॅटप्लॉटलिब आपले ठरलेले रंग या क्रमानं वाटत होतं, सहावा रंग तपकिरी, सहावं नाव मांजरा. जमलं होतं ते योगायोगानं.

दुसरी. ज्या कॉलममध्ये एखादा आकडा रिकामा आहे तो आख्खा कॉलमच गाळायचा अशी एक ओळ मी सुरुवातीला कधीतरी टाकली होती, ड्रॉप-एनए वाली. त्या दिवशी पैनगंगेचा आकडा आला नव्हता. पैनगंगा गेलं, तिच्या मागचे सगळे एक घर पुढं आले, मांजरा पाचवं झालं आणि पाचवा रंग जांभळा. सहाव्या नंबरला माजलगाव येऊन बसलं. प्रोग्रामनं सांगितलेलं काम अगदी बरोबर केलं होतं, त्याला मांजरा कोण आणि माजलगाव कोण याच्याशी घेणंदेणं नव्हतं, त्याला पाचवा आणि सहावा एवढंच माहीत होतं.

बरं, हे शोधताना तिसरी गोष्ट सापडली जी पहिल्या दिवसापासून चुकीची होती. मॅटप्लॉटलिबचे ठरलेले रंग दहाच आहेत. २०१७ मध्ये २.० व्हर्जन आलं तेव्हापासून दहा, त्याच्या आधी सातच होते, म्हणून जुने ट्युटोरियल बघून कोड लिहिला की रंग वेगळे येतात. दहा संपले की परत पहिल्यापासून. माझी धरणं अकरा. म्हणजे अकरावं सिना कोळेगाव आणि पहिलं जायकवाडी, दोघांना एकच निळा! जायकवाडी म्हणजे मराठवाड्यातलं सगळ्यात मोठं धरण आणि सिना कोळेगाव तिकडं परंड्याकडं, त्यांची टक्केवारी कधीकधी अशी जवळ यायची की दोन रेघा एकमेकीतून जायच्या आणि कुठली कुठं गेली ते मलाच सांगता यायचं नाही. तुमच्याकडं दहापेक्षा जास्त सिरीज असतील तर हे आत्ताच जाऊन तपासा.

यावर बहुतेकजण काय करतात, तर अकरा रंगांची लिस्ट बनवून कलर आर्ग्युमेंटला देतात. मी पण आधी तेच केलं. याच्यानं रंग रिपीट व्हायचं थांबतं पण सरकायचं थांबत नाही, कारण लिस्ट पण नंबरानंच चालते. लिस्टमधला सहावा रंग सहाव्या कॉलमला, मग तो कॉलम कुणाचा का असंना. जोपर्यंत रंग नंबराला बांधलाय तोपर्यंत हा आजार परत-परत येणार, उपाय एकच, रंग नावाला बांधायचा. म्हणजे लिस्ट नाही, डिक्शनरी करायची. डाव्या बाजूला धरणाचं नाव, उजव्या बाजूला त्याचा रंग. मग कॉलमच्या नावांवर लूप फिरवायचा, प्रत्येक नावासाठी डिक्शनरीतून रंग काढायचा आणि त्याच ओळीत प्लॉटला द्यायचा. पांडासच्या प्लॉटला तर डिक्शनरी डायरेक्ट कलरमध्ये दिली तरी चालते, लूप पण लागत नाही. सीबॉर्न ही दुसरी चार्ट लायब्ररी वापरत असाल तर तिथं ह्यू ला कॉलम द्या आणि पॅलेटमध्ये हीच डिक्शनरी द्या. आता कुणी गळालं, क्रम उलटा झाला, नवीन धरण मधेच घुसलं तरी मांजराचा रंग मांजराकडंच राहतो.

एवढं केल्यावर पण लोकं परत येतात की चालत नाही. तर कुठं-कुठं अडकतं ते सांगतो.

सगळ्यात जास्त वेळा अडकतं ते नावातच. माझ्याकडं एका महिन्याच्या शीटमध्ये "पैनगंगा", दुसऱ्यात "पेनगंगा", तिसऱ्यात "इसापूर". "निम्न मनार" आणि "निम्न  मनार", मधे दोन स्पेस. नावाच्या शेवटी एक स्पेस, जी डोळ्याला दिसतच नाही. स्पेस स्ट्रिपनं जातात, मधल्या डबल स्पेस स्प्लिट करून परत जोडल्या की जातात, पण देवनागरीत अजून एक खोडी आहे, काही कीबोर्ड जोडाक्षर टाइप करताना मधे झिरो-विड्थ जॉइनर नाहीतर नॉन-जॉइनर टाकतात आणि ते स्ट्रिपनं निघत नाही. कधीकधी स्क्रीनवर दोन्ही "सिद्धेश्वर" हुबेहूब सारखे, कॉम्प्युटरला दोन वेगळे शब्द. शंका आली तर दोन्ही नावांची लांबी प्रिंट करून बघा, आकडे वेगळे आले की तिथंच चोर आहे. मी आता डेटा वाचल्या-वाचल्या ही दोन अदृश्य अक्षरं रिप्लेस करून टाकतो आणि वेगवेगळ्या स्पेलिंगांसाठी एक वेगळी छोटी डिक्शनरी ठेवलीय, चुकीच्या नावावरून बरोबर नावावर नेणारी.

आणि नाव सापडलं नाही तर काय करायचं, यावर माझं मत पक्कं आहे. बरेचजण डिक्शनरीचं गेट फंक्शन वापरतात आणि नाव नसलं तर करडा रंग दे असं लिहितात. असं करू नका. मग चूक असून चार्ट निघतो आणि तुम्हाला पत्ता लागत नाही. सरळ चौकटी कंसानं नाव मागा, नाव नसलं तर की-एरर येऊन प्रोग्राम थांबू द्या, नाव दुरुस्त करा, परत चालवा. माझा चार्ट दोन वेळा सकाळच्या ऐवजी दुपारी गेलाय याच्यामुळं, कुणाची तक्रार आली नाही.

रंग आकड्यात द्यायचा असला तर मॅटप्लॉटलिबला शून्य ते एक मधले आकडे लागतात. आपल्याला सवय असते ० ते २५५ ची, तसे दिले की तो व्हॅल्यू-एरर देतो की आकडे शून्य ते एक मधे पाहिजेत. प्रत्येक आकड्याला २५५ नं भागा, संपलं. उलट प्लॉटली आणि चार्ट जेएस या दुसऱ्या चार्ट लायब्ररींमध्ये आरजीबी लिहिताना ० ते २५५ च चालतात, तिथं भागत बसू नका.

स्कॅटर (नुसत्या ठिपक्यांचा चार्ट) करणाऱ्यांसाठी, तिथं नुसतं सी आणि कलर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सी ला तीन आकड्यांचा एक रंग दिला आणि तुमचे पॉइंट पण नेमके तीनच असले तर त्याला ते तीन पॉइंटच्या तीन किमती वाटतात आणि तो कलरमॅपमधून (आकड्यावरून रंग ठरवणाऱ्या पट्टीतून) भलतेच रंग काढून देतो. एका सिरीजला एकच रंग द्यायचाय तर कलर वापरा. पांडासमध्ये कलर आणि कलरमॅप दोन्ही दिले तर कलरमॅपकडं तो दुर्लक्ष करतो, वॉर्निंग देतो पण ती वाचतंय कोण. स्टाईलच्या स्ट्रिंगमध्ये रंगाचं अक्षर आणि वरून कलर पण, असं दिलं तर मात्र सरळ एरर येते.

एका ताईंनी विचारलं होतं, त्या पावसाचे बार आणि साठ्याची रेघ एकाच चार्टवर काढत होत्या आणि दोन्ही निळंच येत होतं, काहून म्हणे. कारण मॅटप्लॉटलिब बारसाठी आणि रेघांसाठी रंगांची वाटणी वेगवेगळी मोजतं, दोन्ही पहिल्या रंगापासूनच सुरू होतात. उजव्या बाजूला दुसरा अक्ष घेतला, ट्विन-एक्स वाला, तरी तिथं मोजणी परत पहिल्यापासून. याला काही ट्रिक शोधू नका, दोन्हीला स्वतः रंग सांगा. आणि ज्यांना डिफॉल्ट रंगांची साखळीच बदलायचीय त्यांनी ती अक्ष बनवायच्या आधी बदलावी, आधी सबप्लॉट बनवला आणि मग खाली सेटिंग बदललं तर त्या चार्टवर काहीच फरक पडत नाही, माणूस तासभर डोकं खाजवत बसतो.

प्लॉटली एक्सप्रेसमध्ये नावावरून रंग द्यायला कलर डिस्क्रीट मॅप आहे, हीच डिक्शनरी तिथं चालते. दोन चुका ठरलेल्या. एक तर कलर आर्ग्युमेंटला कॉलमचं नावच दिलेलं नसतं, मग मॅप दिला काय आणि नाही दिला काय. दुसरी, ज्या कॉलमवरून रंग द्यायचा त्यात आकडे असतात, जसं वर्ष २०२३, २०२४. त्याला ते मोजायचे आकडे वाटतात आणि बाजूला रंगांची पट्टी काढून देतो, तुमच्या मॅपकडं बघत पण नाही. तो कॉलम स्ट्रिंग करा, लगेच बरोबर येतं.

चार्ट जेएस मध्ये प्रत्येक डेटासेटला त्याचा स्वतःचा रंग द्यावा लागतो, आणि लाईन चार्टच्या रेघेचा रंग बॉर्डर कलरमधून येतो. नुसता बॅकग्राऊंड कलर दिला तर रेघ तशीच फिकट राहते आणि वाटतं की कोड चालतच नाही. गुगल चार्टसारख्या ठिकाणी रंग नंबरानंच द्यावे लागतात, शून्यापासून मोजत, तिथं डिक्शनरी तुमच्याकडंच ठेवा आणि आजच्या कॉलमच्या क्रमाप्रमाणं तिच्यातून रोज नवीन लिस्ट बनवून द्या.

एक्सेल मॅक्रोवाल्यांचं दुखणं जरा वेगळं आहे आणि आपल्या भाषेमुळं जास्तच आहे. व्हीबीए मध्ये, म्हणजे मॅक्रोच्या भाषेत, सिरीज नावानं पकडता येते, पण व्हीबीएच्या एडिटरमध्ये देवनागरी टाइप केलं की प्रश्नचिन्हं उमटतात, ते युनिकोड धरतच नाही. त्यामुळं कोडमध्ये "जायकवाडी" लिहिताच येत नाही. उपाय सोपा आहे, एका शीटवर दोन कॉलम करा, पहिल्यात धरणाचं नाव आणि दुसऱ्यात त्या सेललाच तो रंग भरा. मॅक्रोनं प्रत्येक सिरीजचं नाव घ्यायचं, त्या कॉलममध्ये शोधायचं आणि शेजारच्या सेलचा रंग उचलून सिरीजला लावायचा. कोडमध्ये एक पण मराठी अक्षर लागत नाही, आणि रंग बदलायचा झाला तर ज्याला कोड येत नाही तो पण सेल रंगवून बदलू शकतो, मला तर ही पद्धत पायथनपेक्षा जास्त आवडली. बाकी तिथं लाईन चार्टला फिल बदलून रेघ बदलत नाही, लाईनचा फोर-कलर बदलावा लागतो. आणि रंगाचा सहा अक्षरी हेक्स कोड सरळ टाकला तर लाल-निळ्याची अदलाबदल होते कारण व्हीबीए मध्ये निळा आधी येतो, आरजीबी फंक्शन वापरलं की हा घोळ होत नाही. ओपनपायएक्सएलनं पायथनमधून एक्सेलचा चार्ट काढत असाल तरी तेच, बारला सॉलिड फिल ग्राफिकल प्रॉपर्टीजमध्ये आणि रेघेला तिच्या आतल्या लाईनमध्ये, आणि हेक्स लिहिताना पुढचं हॅशचं चिन्ह टाकायचं नाही.

आता रंग कुठले. यावर मी कोडपेक्षा जास्त वेळ घालवला आणि मला वाटतं तसाच घालवायला पाहिजे. अकरा वेगवेगळे रंग माणसाच्या डोळ्याला पातळ रेघेवर, उन्हात, मोबाईलच्या स्क्रीनवर ओळखू येत नाहीत, कितीही निवडून घ्या. शिवाय आमच्या ग्रुपमधल्या एका काकांना लाल आणि हिरवा वेगळा कळत नाही, पुरुषांमध्ये हे बायकांपेक्षा खूप जास्त असतं कारण त्याचे जीन एक्स क्रोमोसोमवर असतात. ओकाबे आणि इतो या दोन जपानी शास्त्रज्ञांनी अशा लोकांना पण ओळखू येतील असे आठ रंग ठरवून दिलेत, त्यातले मी घेतले. पण आठ म्हणजे पण अकराला कमीच, आणि त्यातला पिवळा पांढऱ्यावर दिसत नाही.

मग सुचलं की रंग धरणाला कशाला, नदीच्या खोऱ्याला देऊ, आणि खोऱ्यातल्या धरणांना रेघेचा प्रकार वेगळा. (पुढचे आकडे लाल, हिरवा, निळा या क्रमानं, ० ते २५५ मधले.) गोदावरीचा निळा, ० ११४ १७८: जायकवाडी सरळ रेघ, माजलगाव तुटक (ते सिंदफणेवर आहे पण सिंदफणा गोदावरीलाच मिळते), विष्णुपुरी ठिपक्यांची. पूर्णेचा हिरवा, ० १५८ ११५: येलदरी सरळ, सिद्धेश्वर तुटक, निम्न दुधना ठिपक्यांची. मांजरेचा केशरी-लाल, २१३ ९४ ०: मांजरा सरळ, निम्न तेरणा तुटक, निम्न मनार ठिपक्यांची. पैनगंगेला गुलाबी-जांभळा, २०४ १२१ १६७. आणि सिना कोळेगाव भीमेच्या बाजूचं, ते एकटंच, त्याला काळा. पाच रंगात अकरा धरणं बसली. येलदरीतून सोडलेलं पाणी खाली सिद्धेश्वरला जातं, हे आता एकाच रंगाच्या दोन रेघा शेजारी बघून लोकांना चटकन कळतंय, ते मी ठरवून केलं नव्हतं पण चांगलं झालं. डिक्शनरीत आता नावापुढं दोन गोष्टी आहेत, रंग आणि रेघेचा प्रकार. पांडासच्या एका ओळीच्या प्लॉटपेक्षा इथं लूप बरा पडतो.

लेजंड मी काढून टाकलं. प्रत्येक रेघेच्या उजव्या टोकाला त्याच रंगात धरणाचं नाव लिहितो, रंग त्याच डिक्शनरीतून. मॅटप्लॉटलिबच्या नेहमीच्या फॉन्टमध्ये देवनागरी नाही, चौकोनी डबे येतात, नोटो सान्स देवनागरी नाहीतर मंगल फॉन्ट लावावा लागतो. माझ्याकडच्या व्हर्जनमध्ये तरीपण जोडाक्षरं तुटतात आणि सिद्धेश्वरची पहिली वेलांटी जागा सोडते, म्हणून आता नावांसकट आख्खा चार्टच मी प्लॉटलीत काढतो, तिथं ब्राउझर अक्षरं नीट जुळवतो.

ग्रुपवर टाकायच्या आधी तीन टेस्ट करतो, तुम्ही पण करा, दोन मिनिटं लागतात. मधला एक कॉलम मुद्दाम काढून चार्ट काढायचा, मग कॉलमचा क्रम उलटा करून काढायचा, तिन्ही चित्रं शेजारी ठेवून मांजरा तिन्हीकडं त्याच रंगात, त्याच रेघेत आहे का बघायचं. आणि तिसरी टेस्ट, एका नावाच्या शेवटी स्पेस टाकून बघायचं की साफसफाईच्या कोडनं ती काढली का. नाव पूर्णच चुकीचं टाकलं तर प्रोग्राम थांबला पाहिजे, नाही थांबला तर कुठंतरी गेट राहून गेलाय.

एक शेवटचं, जुन्या चार्टचे रंग बदलणार असाल तर लोकांना आधी सांगा. मी रंग बदलायच्या आधी आठ दिवस रोज चार्टसोबत एक व्हॉइस मेसेज टाकत होतो की अमुक तारखेपासून मांजरा तपकिरी नाही, केशरी सरळ रेघेत दिसणार. मामांना वेगळा फोन केला. बदलल्यावरच्या पहिल्या सकाळी त्यांचा मेसेज आला, "केशरी सरळ, पस्तीस टक्के, बरोबर का?" बरोबर होतं.